सोसायटीच्या माहितीपुस्तिकेतली पक्षपाती भाषा कशी दुरुस्त करावी?

प्रश्न: आमच्या सोसायटीची बारा पानी माहितीपुस्तिका नव्याने लिहायची आहे. जुन्या मजकुरातली काही वाक्यं: ‘प्रत्येक सभासदाने त्याच्या पत्नीचे व मुलांचे नाव नोंदवावे.’ ‘सभासद सभेला हजर राहिला नाही तर...’ ‘मोलकरणींनी मागच्या लिफ्टने यावे.’ सगळीकडे ‘तो/ती’ घातलं तर वाचवत नाही. दुसरा मार्ग आहे का?

मुद्रितशोधक: आहे, आणि तो मराठीच्या व्याकरणातच आहे. पहिल्या वाक्यात ‘त्याच्या’ ऐवजी ‘आपल्या’ हवं. ‘आपला’चं रूप पुढच्या नामाप्रमाणे बदलतं, सभासद बाई की पुरुष यावर नाही. ‘पत्नी’ही काढा: ‘प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील सर्व रहिवाशांची नावे नोंदवावीत.’ यात एकट्या राहणाऱ्या सभासदही आल्या, म्हातारे आईवडीलही आले.

‘-ने’ आणि ‘-वे’ची वाक्यरचना निर्धोक आहे, कारण तिथे क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. घात होतो तो ‘राहिला’, ‘राहतो’ अशा रूपांत. ‘हजर राहिला नाही तर’ऐवजी ‘गैरहजर राहिल्यास’ लिहा. अनेकवचन (‘सभासदांनी’) हाही सोपा उपाय.

बातमीकक्ष: एकेरी आणि आदरार्थी यांतला भेद मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो लिहिणाऱ्याला दिसतच नाही. ‘अध्यक्ष म्हणाले’, पण ‘वॉचमन म्हणाला’. ‘डॉक्टर आले’, पण ‘नर्स आली’. फाइलमध्ये ‘म्हणाला’, ‘म्हणाली’, ‘आला’, ‘आली’, ‘त्याने’, ‘तिने’ हे शब्द एकेक करून शोधा आणि प्रत्येक ठिकाणी अध्यक्षांना बसवून पाहा. ‘अध्यक्ष म्हणाला’ कानाला खुपलं, तर वॉचमनसाठीही ‘म्हणाले’ लिहा. मोठ्या माणसांना एकच नियम लावा, हुद्दा पाहू नका.

प्रश्नकर्ती: ‘मोलकरणी’च्या जागी ‘घरकामगार’ चालेल?

मुद्रितशोधक: शब्द चांगला आहे. राज्याच्या २००८ च्या कल्याण मंडळाच्या कायद्यातही ‘घरेलू कामगार’ असंच म्हटलं आहे. पण ‘घरकामगारांनी मागच्या लिफ्टने यावे’ हे वाक्य तितकंच अपमानकारक राहतं. इथे पक्षपात नियमातच आहे. शब्द बदलल्याने तो फक्त झाकला जाईल. लिफ्टमध्ये जड सामान नको असेल तर सामानाचं लिहा: ‘फर्निचर व बांधकामाचे साहित्य मागच्या लिफ्टने न्यावे.’ हे सभासदांनाही लागू होतं. असं कारण सापडत नसेल, तर ते वाक्य समितीपुढे ठेवून काढून टाकायला सांगा.