टायनीकोर 14 वरून 16 वर जाऊ का? (32-बिट नेटबुक, वाचनालयाचं काम)

ग्रंथपाल_ताई, 18 नोव्हेंबर 2025

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आमचा संगणक म्हणजे एसर अस्पायर वन नेटबुक. अ‍ॅटम एन270 प्रोसेसर, 1 जीबी रॅम, बॅटरी केव्हाच मेलेली, चार्जर लावला तरच चालतो. एका वाचकाने भेट दिला तेव्हा त्यावर विंडोज एक्सपी होतं आणि ते सुरू होईपर्यंत माझे सगळे पेपर काठीला लावून व्हायचे. भाचा सुट्टीत आला होता, त्याने ते उडवून टायनीकोर 14, म्हणजे लिनक्सचं एक अगदी छोटं रूप, टाकलं. आता बटण दाबून खुर्ची पुसेपर्यंत पडदा तयार असतो.

काम फार नाही. देवघेवीच्या नोंदी लीफपॅड या साध्या एडिटरमध्ये, एका साध्या फाइलीत स्वल्पविराम टाकून लिहिते. पुस्तकांची यादी भाच्याने एका एचटीएमएल पानात बसवून दिली आहे. ते पान फायरफॉक्समध्ये उघडतं, वरच्या चौकटीत लेखकाचं आडनाव टाकलं की पुस्तकं आणि कपाट क्रमांक खाली येतात. इंटरनेट लागतं ते अनुदानाची परिपत्रकं बघण्यापुरतं.

भाचा आता परदेशी गेला, त्याला अपरात्री उठवायचं नाही असं ठरवलंय. म्हणून तुम्हाला विचारते. टायनीकोर 16 आलंय असं वाचलं. वर जावं का, आणि गेले तर माझ्या नोंदी शिल्लक राहतील ना?

दुसरं म्हणजे लाइट. लाइट गेली की त्या दिवशी सकाळपासून केलेल्या नोंदी गायब. पावसाळ्यात हे इतकं झालं की आता मी आधी वहीत लिहिते आणि मग संगणकात, म्हणजे दुप्पट काम.

तिसरं, काही खिडक्यांत मराठी धड दिसते, काहींत नाही. टायनीकोरच्या स्वतःच्या एडिटरमध्ये 'विज्ञान' लिहिलं तर आधी व दिसतो, त्याच्या उजवीकडे वेलांटी, मग पाय मोडलेला ज आणि ञ वेगळाच. तीच फाइल लीफपॅडमध्ये उघडली की शब्द नीट. फॉन्ट दोन्हीकडे तोच.

आणि फायरफॉक्स 32-बिटवर बंद झालं म्हणतात, ते खरं का?

'नवीन घ्या' सोडून काहीही सांगा. तो विषय समितीपुढे मांडून झालाय, चहा पिऊन सगळे घरी गेले.

---

बाइट_नाशिककर, 18 नोव्हेंबर 2025

ताई, तरीही सांगतोच, राग मानू नका. 32-बिटचं, म्हणजे जुन्या पिढीच्या प्रोसेसरांचं, दुकान सगळीकडे आवरत आलंय. क्रोमने लिनक्सवर 2016 मध्येच हात झटकले. ऑगस्टमध्ये डेबियन या लिनक्सची 13 वी आवृत्ती आली, त्यात 32-बिट इंटेलसाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल (यंत्रणेचा गाभा). कार्यालयांतून निघालेला जुना 64-बिट डेस्कटॉप मिळतो का बघा. एन270 मध्ये 64-बिट नाहीच, त्यामुळे त्याच्यावर कितीही मेहनत घेतली तरी भिंत ठरलेली.

---

टर्मिनलवासी, 18 नोव्हेंबर 2025

नाशिककर, तुमचं खरं आहे. पण ताईंनी जे सांगू नका म्हटलं नेमकं तेच सांगितलंत.

ताई, मी साताऱ्याकडे शाळांमधले जुने संगणक चालते ठेवायची खटपट करतो, टायनीकोर रोजच्या हाताखालचं आहे. तुमच्या चार प्रश्नांत 16 चा प्रश्न सगळ्यात कमी घाईचा. आधी लाइटचं घेऊ.

टायनीकोर सुरू होताना डिस्कवरून दोन फाइली उचलतं: व्हीएमलिनक्झ, म्हणजे कर्नल, आणि कोर डॉट जीझेड, म्हणजे बाकी सगळी यंत्रणा. ती यंत्रणा रॅममध्ये उलगडली जाते आणि तिथेच चालते. म्हणून तुमचं मशीन इतकं चटकन उठतं, आणि म्हणूनच दिवसातून चार वेळा लाइट गेली तरी ते बिघडत नाही. डिस्कवरच्या मूळ फाइलींना कोणी हातच लावलेला नसतो. पण तुमचं होम फोल्डरही त्याच रॅममध्ये आहे! तुम्ही रीतसर शटडाउन करता तेव्हा फाइलटूल नावाची स्क्रिप्ट होम आणि ऑप्ट ही दोन फोल्डरं बांधून मायडेटा डॉट टीजीझेड या गाठोड्यात डिस्कवर ठेवते. लाइट गेली तर गाठोडं बांधायला वेळच मिळत नाही. सकाळी उघडतं ते कालचं.

उपाय पाच मिनिटांचा आहे. तुमची डिस्क बहुधा एमएनटी फोल्डरात एसडीए1 नावाने दिसत असेल. तिथे 'नोंदी' असं फोल्डर करा, देवघेवीची फाइल आणि यादीचं पान दोन्ही तिथे हलवा, आणि लीफपॅडमध्ये फाइल यापुढे तिथूनच उघडा. मग सेव्ह म्हणजे डिस्कवर सेव्ह, शटडाउनची वाट बघायची नाही. सेव्ह केल्यावर डिस्कवर प्रत्यक्ष उतरायला काही सेकंद जातात, तेवढी जोखीम राहते. टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहायच्या खिडकीत) सिंक टाइप करून एंटर मारलं तर तीही जाते. मी शाळांमध्ये विद्यार्थ्यांचं काहीही होममध्ये ठेवू देत नाही.

जाता जाता: शटडाउनला वेळ लागत असेल तर दोष फायरफॉक्सच्या प्रोफाइलचा. कॅश गाठोड्यातून वगळण्याची सोय मुळातच आहे, पण प्रोफाइल स्वतः फुगत जातं आणि रोज बांधलं जातं. तेही एसडीए1 वर हलवा.

आता 16. इतर लिनक्समध्ये अपग्रेड म्हटलं की शेकडो पॅकेजं एकमेकांवर उतरतात आणि आपण हात जोडून बसतो. इथे तसलं काही नाही. त्या दोन फाइली नव्या आणायच्या, झालं. कटकट आहे ती एक्स्टेंशनांची. लीफपॅड, एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या दाखवणारा भाग), वाय-फाय, जे जे तुम्ही वरून चढवलंय ते टीसीझेड फाइलींच्या रूपात टीसीई फोल्डरात पडलेलं असतं, आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीचं एक्स्टेंशनांचं भांडार वेगळं. 14 ची एक्स्टेंशनं 16 खाली चालवू नका. काही चालतात, काही अर्धवट चालतात, आणि अर्धवट चालणारी जास्त डोकं खातात.

म्हणून जुनं पुसायचंच नाही. एसडीए1 वर टीसीई16 नावाचं दुसरं फोल्डर करा, त्यात ऑप्शनल हे उपफोल्डर. नव्या दोन फाइली बूट फोल्डरात वेगळ्या नावाने ठेवा. बूट मेनूत जुनी ओळ तशीच ठेवून खाली नवी ओळ लिहा आणि तिच्यात टीसीई बरोबर एसडीए1/टीसीई16 असा बूटकोड, म्हणजे सुरू होतानाची सूचना, द्या. मायडेटाच्या गाठोड्याची एक प्रत नव्या फोल्डरात टाका. सुरू करताना मेनूत 14 किंवा 16 निवडायचं. 16 नाही आवडलं तर उद्या सकाळी 14 आहेच.

एका ठिकाणी मात्र लोक हमखास अडकतात. वाय-फायचं एक्स्टेंशन कर्नलला बांधलेलं असतं, त्याच्या नावातच कर्नलचा आकडा असतो. 14 चा कर्नल 6.1 मालिकेतला, 16 चा 6.12 मधला. 16 पहिल्यांदा उठेल तेव्हा वाय-फाय नसेल, आणि वाय-फायचं एक्स्टेंशन उतरवायला इंटरनेट लागेल. तेव्हा राउटरपासून नेटबुकापर्यंत पोचेल एवढी लॅनची केबल आधी शोधा. केबल लावली की नेट आपोआप मिळतं. मग जुन्या फोल्डरातली ऑनबूट यादी (सुरू होताना चढणाऱ्या एक्स्टेंशनांची) शेजारी उघडून एकेक नाव वाचत उतरवत जा. कर्नलचा आकडा असलेली नावं सोडून बाकी सारखीच असतात. स्वयंसेवक लोक ही एक्स्टेंशनं बांधतात, त्यामुळे जे 14 मध्ये होतं ते सगळं 16 मध्ये असेलच असं नाही. यादी आधी भांडारात तपासून घ्या.

मराठीचं. यात फॉन्टचा काही दोष नाही. टायनीकोरच्या स्वतःच्या खिडक्या, म्हणजे एडिटर, पॅनेल, अ‍ॅप्स वगैरे, एफएलटीके नावाच्या छोट्या टूलकिटवर बांधलेल्या आहेत. ते अक्षरं ज्या क्रमाने फाइलीत आहेत त्याच क्रमाने एकामागे एक छापतं. फाइलीत व आधी आणि वेलांटी नंतर, म्हणून पडद्यावरही वेलांटी उजवीकडे. ती उचलून डावीकडे ठेवणं, ज आणि ञ जोडून ज्ञ करणं हे काम हार्फबझ या लायब्ररीचं. लीफपॅड जीटीके या दुसऱ्या टूलकिटवर चालतं, त्यात पँगोमार्फत हार्फबझ येतं. फायरफॉक्स स्वतःचं हार्फबझ घेऊन फिरतं. थोडक्यात, मराठी मजकूर लीफपॅड किंवा फायरफॉक्समध्येच उघडा. टायनीकोरसोबत येणाऱ्या टर्मिनलमध्ये तर प्रयत्नही करू नका, तिथे युनिकोडच नाही. फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवलीत तर उत्तम, कारण फाइल मॅनेजरमध्येही हाच तमाशा होणार.

फायरफॉक्सची बातमी खरी आहे. 144 ही 32-बिट लिनक्सची शेवटची आवृत्ती, गेल्याच आठवड्यात आलेल्या 145 मध्ये ती नाही. ईएसआर 140 ला (जास्त काळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीला) मात्र मोझिलाने निदान सप्टेंबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट देऊ म्हटलंय. तेव्हा 'लेटेस्ट' आणणारी स्क्रिप्ट वापरू नका, मोझिलाच्या साइटवरून ईएसआर 140 चं 32-बिट गाठोडं उतरवून एसडीए1 वर उलगडा. तुमचं यादीचं पान तुमच्याच डिस्कवर आहे, त्याला कोणता ब्राउझर किती जुना याने काही फरक पडत नाही. सप्टेंबरनंतर परिपत्रकं मोबाइलवर बघा. बँकेचं तर आजही या मशीनवर नको.

लोक टायनीकोरची आयएसओ 23 एमबी आणि नुसता कोर 17 एमबी म्हणून मिरवतात. कौतुक आहेच. पण फायरफॉक्स चढवलं की ते एकटंच या सगळ्याच्या कितीतरी पट. 1 जीबीत तुमची लढाई लिनक्सशी नाही, ब्राउझरशी आहे.

---

पेंग्विनपुरी, 19 नोव्हेंबर 2025

उत्तम प्रतिसाद, पण अल्पाइन लिनक्स का नको? 32-बिट अजून आहे, बिझीबॉक्स (आज्ञांचा आटोपशीर संच) आहे, वर्षातून दोन आवृत्त्या वेळच्या वेळी येतात, आणि रॅममधून चालवायचं असेल तर डिस्कलेस मोड आहेच. पॅकेजंही टायनीकोरपेक्षा कितीतरी जास्त. टायनीकोर म्हणजे आता हौशी लोकांचा नॉस्टॅल्जिया.

---

टर्मिनलवासी, 19 नोव्हेंबर 2025

माझे सर्व्हर अल्पाइनवरच आहेत, तेव्हा भांडण नाही. पण अल्पाइन मसल या सी लायब्ररीवर उभं आहे आणि मोझिलाचं तयार फायरफॉक्स ग्लिबसी या दुसऱ्या सी लायब्ररीसाठी बांधलेलं. ताईंना मी जे ईएसआरचं गाठोडं उलगडायला सांगितलं ते तिथे सरळ चालणार नाही. डिस्कलेस मोडमध्ये बदल ठेवायला एलबीयू कमिट ही आज्ञा द्यावी लागते, म्हणजे लाइट गेली की तिथेही तेच रडगाणं.

आणि नॉस्टॅल्जियाचं म्हणाल तर टायनीकोरच्या मूळ लेखकाने, रॉबर्ट शिंगलडेकरने, आधी डॅम स्मॉल लिनक्सवर काम केलं होतं. ते तेव्हा 50 एमबीत बसायचं. 2024 मध्ये त्याच नावाचं जे परत आलं त्याचं ध्येय एका सीडीत, 700 एमबीत, मावण्याचं आहे, आणि आतून ते अँटीएक्स हे दुसरं लिनक्स आहे. वाईट अजिबात नाही. ताईंचं मशीन कोरं असतं तर मी अँटीएक्सच सुचवलं असतं, बिनबोभाट डिस्कवर बसतं. पण चालतं मशीन कशाला उचकटायचं?

---

ग्रंथपाल_ताई, 24 नोव्हेंबर 2025

टर्मिनलवासी, मनापासून आभार. रविवारी वाचनालय बंद असतं, तेव्हा बसले.

'नोंदी' फोल्डर आधी केलं. खरं-खोटं बघायला पाच खोट्या नोंदी लिहिल्या, सेव्ह केलं, सिंक दिलं आणि चार्जरची पिन ओढली. बॅटरी नसल्याने पडदा लगेच काळा. परत लावून बघितलं, पाचही नोंदी जागेवर. आमचे शिपाईकाका बघत होते, म्हणाले, 'बाई, मुद्दाम बंद पाडताय होय?' वही आजपासून बंद.

16 पण उठलं. केबल शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून आणली. वाय-फायचं तुम्ही म्हणालात तसंच झालं, केबलवरून उतरवल्यावर आलं. एक गंमत झाली: सुरुवातीला पडदा आडवा ताणल्यासारखा, अक्षरं जाडी दिसत होती. एक्सऑर्ग आणि ग्राफिक्सचं एक्स्टेंशन उतरल्यावर 1024 बाय 600 मिळालं आणि सगळं नेहमीसारखं झालं.

वेगात 14 आणि 16 मध्ये मला तरी काही फरक जाणवला नाही. तो जाणवायला हवा होता का?

आणि एक विचारायचं राहिलं. ऑल्ट-शिफ्टने इंग्रजी-मराठी बदलतं ते छान चालू आहे, पण आत्ता कोणती भाषा चालू आहे ते कुठेच दिसत नाही. सभासद क्रमांक टाकायला जाते आणि मराठी अक्षरं उमटतात.

---

टर्मिनलवासी, 24 नोव्हेंबर 2025

नाही, वेग तोच राहणार. एन270 काही नवा झाला नाही. 16 ने तुम्हाला नवा कर्नल आणि नव्या लायब्ररी दिल्या, बस. 14 चं भांडार अजून जागेवर आहे, पण त्यात आता नवं काही येत नाही. तेव्हा यापुढे 16 वर राहा. बूट मेनूतली 14 ची ओळ महिनाभर असू दे, मग काढा.

एक्सऑर्ग नसताना टायनीकोर एक्सव्हेसा या त्याच कामाच्या साध्या पर्यायावर चालतं आणि ते बायोसला माहीत असलेल्या मापांतलंच माप घेतं. नेटबुकाचं 1024 बाय 600 त्यात बहुधा नसतं, म्हणून तो ताणलेला पडदा.

भाषेचं सोपं आहे. होममध्ये डॉट एक्स डॉट डी नावाचं लपलेलं फोल्डर आहे, त्यात भाच्याने सेटएक्सकेबीमॅपची (कीबोर्डची भाषा ठरवणारी) ओळ टाकलेली असणार. त्या ओळीच्या शेवटी आणखी एक ऑप्शन जोडा: जीआरपी अंडरस्कोर एलईडी, मग कोलन, मग कॅप्स (अर्थात रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता). मराठी चालू असेल तेव्हा कॅप्स लॉकचा दिवा लागेल, इंग्रजीत विझेल. बदल केल्यावर एकदा रीतसर शटडाउन करा, ते फोल्डर अजून गाठोड्यातच आहे.