ग्रॅव्हिटी कमी आली तरी ती बिअरच आहे

पहिल्याच ऑल-ग्रेन (तयार अर्काऐवजी थेट धान्यापासून केलेल्या) बिअरच्या बॅचला १.०५० ऐवजी १.०४० ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, म्हणजे साखर किती उतरली याचं माप) मिळाली म्हणून तुम्ही ती ओतून द्यायचं म्हणताय. कृपया ओतू नका. जरा हलकी होईल, एवढंच.

आधी एक सांगा, वर्ट (धान्यातून निघालेलं, अजून न आंबवलेलं गोड पाणी) गार करून मोजलं होतं का? बरेच हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती नळी) २० अंशांसाठी बनवलेले असतात, गरम वर्टमध्ये आकडा कमीच दिसतो.

मोजमाप बरोबर असेल तर माझा पहिला संशय धान्याच्या दळणावर. माझ्या पहिल्या दोन बॅचेसनी त्यामुळेच मार खाल्ला. अख्खे दाणे तसेच राहिले होते आणि मी तापमानाच्या मागे लागलो होतो. दाणा फुटायला हवा, पण टरफल शाबूत राहायला हवं, कारण वर्ट गाळताना तेच चाळणीचं काम करतं. पीठ झालं तर सगळं तुंबतं.

मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं दळलेलं धान्य) ६५ ते ६८ अंशांत ठेवा. गार धान्य पाण्याची उष्णता खातं, त्यामुळे किलोला तीन लिटर पाणी घेत असाल तर ते ७२-७३ अंशांवर असताना धान्य घाला, आणि गुठळ्या फुटेपर्यंत ढवळा. तासाभराने थेंबभर मॅश बशीत घेऊन त्यावर आयोडीन टाका. काळं-निळं झालं तर साखर न झालेला स्टार्च शिल्लक आहे, अजून थांबा.