आईचं क्लिपिंग नीट झालं, मग ८व्या दिवशी बोलणं कसं अडखळलं?

रातराणी:
आईच्या मेंदूतला अॅन्युरिझम, म्हणजे रक्तवाहिनीला आलेला फुगा, फुटला, दुसऱ्याच दिवशी क्लिपिंग झालं, म्हणजे ऑपरेशन करून त्याला क्लिप लावली. आठवडाभर बरी होती, ओळखत होती, पाणी मागत होती. काल ८वा दिवस, सकाळपासून शब्द सापडेनात आणि उजवा हात उचलेना. डॉक्टर म्हणाले वॅसोस्पाझम. रक्तातलं सोडियमपण उतरलंय. क्लिप व्यवस्थित बसलीये म्हणतात, मग हे आलं कुठून? ऑपरेशनमध्ये काही चुकलं का, रात्रभर तेच डोक्यात.

पायवाट:
ताई, मी न्यूरो आयसीयूत नर्स आहे. क्लिपमुळे परत फुटायची वाट बंद होते, पण आधी सांडलेलं रक्त मेंदूभोवती राहतंच ना, त्याच्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात, हाच वॅसोस्पाझम, आणि त्यांच्यापलीकडच्या मेंदूच्या भागाला रक्त कमी पडतं. फुटल्यापासून साधारण ४थ्या ते १४व्या दिवसापर्यंत हा धोका, सगळ्यात जास्त ७ ते १० दिवसांत. म्हणजे ऑपरेशन उत्तम झालं तरी हे होऊ शकतं. यातलं नुकसान कमी करणारं निमोडिपिन हे औषध चालू असेलच, ते २१ दिवस देतात, बहुतेक दर ४ तासांनी, झोपेतून उठवूनसुद्धा. आकसलेल्या वाहिन्यांतून रक्त पुढे जावं म्हणून बीपी मुद्दाम चढं ठेवतात, ते बघून घाबरू नका. तेवढ्याने भागलं नाही तर अँजिओग्राफीसारखी नळी घालून आकसलेल्या वाहिनीतच औषध सोडतात, नाहीतर फुग्याने ती रुंद करतात. सोडियम उतरलंय म्हणून पाणी कमी द्यायचं का हे घरच्यांनी ठरवू नका, इथे शरीरात पाणी कमी पडलं तर वॅसोस्पाझमचं नुकसान वाढतं.

निळीशाई:
आमच्या बाबांना स्पाझम नाही झाला पण घरी आल्यावर महिन्याभराने पाय ओढत चालायला लागले, लघवी कळेना, दिवसभर झोप. आम्ही म्हटलं अशक्तपणा, आणि त्यात १५ दिवस घालवले, ते अजून सलतं. सीटीत डोक्यात पाणी साठलेलं निघालं, ते काढून देणारी नळी, म्हणजे शंट, टाकला, मग चाल सुधारली. असं काही दिसलं तर थांबू नका हो.

रातराणी:
पायवाट, खूप आभार. आज नळीतून औषध सोडलं, संध्याकाळी हात कोपरापर्यंत उचलला तिने. बोलणं अजून नाही. तिच्याशी आपण बोलत राहावं का, की दमेल?

पायवाट:
बोला ना, पण एका वेळी एकच माणूस, छोटी वाक्यं, आणि शब्द सापडेना तर तिला वेळ द्या. आत्ता होय की नाही एवढं मानेने सांगितलं तरी पुरे. आणि आधीपेक्षा जास्त झोपाळू वाटली किंवा हात परत पडला तर लगेच सिस्टरला हाक मारा, राउंडची वाट बघू नका.