येता-जाता चरणाऱ्या बाळांचा खाऊ : तुमच्याकडे काय चालतं?

रानजाई :
आमचे चिरंजीव आता पावणेदोन वर्षांचे. एका जागी बसून वाटीभर वरणभात संपवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. एक घास खाल्ला की पळाले, गॅलरीत कबुतर बघून आले, परत एक घास, मग सोफ्याखालची गाडी काढायची, मग परत "मंमं". दिवसभर तोंडात काहीतरी हवंच, पण पोटभर म्हणाल तर काहीच नाही. डॉक्टर म्हणाले वजन व्यवस्थित आहे, पहिल्या वर्षात जन्माच्या तिप्पट होतं तसं दुसऱ्या वर्षात होत नसतं, दोन-अडीच किलो वाढलं तरी पुष्कळ, त्यामुळे भूकही कमी होते. म्हणजे काळजी नाहीये, प्रश्न एवढाच की चरणारच आहे तर समोर काय ठेवू? बिस्किटं आणि पाकिटातलं नकोय. दोन वर्षांपर्यंत साखर नाही असं ठरवलंय (घरातल्या ज्येष्ठांचं सहकार्य शून्य). तर पदार्थ लिहा, अनुभव लिहा, नुसतं 'फळं द्या' नको. कसं देता, कधी देता, गालिच्याचं काय होतं, सगळं लिहा.

माजघर :
मी आजी आहे, त्यामुळे ज्येष्ठांच्या वतीने आधी निषेध नोंदवते. आता उत्तर. रताळं कुकरला उकडून, सोलून, बोटाएवढे लांब तुकडे. गरम असतानाच साजूक तुपाचं बोट फिरवायचं. मुलं हातात धरून हिंडतात, हिंडू द्या, रताळं सांडलं तरी उचलता येतं, खिमटासारखं पसरत नाही. दुसरं राजगिऱ्याच्या लाह्या. तोंडात टाकल्या की विरघळतात, अडकायची भीती नाही. वाटीत थोड्याशा लाह्या नि वरून कोमट दूध, लगेच भरवायचं, थांबलात तर लगदा होतो. तिसरं ज्वारीची दशमी, दुधात भिजवलेल्या पिठाची, लहान लहान थापायची. सकाळी केलेली संध्याकाळपर्यंत मऊ राहते. आणि संध्याकाळी सगळं फिसकटलं की गुरगुट्या भात, मेतकूट, तूप. ह्याला खाऊ म्हणायचं की जेवण ते तुम्ही ठरवा.

गूळखोबरं :
आमच्याकडे खजूर-तिळाचे लाडू, नाचणीच्या गुळाच्या वड्या, गूळ-तूप-पोळीचा मलिदा. साखर अजिबात नाही! बाळ खूश.

दातांची डॉक्टर :
गूळखोबरं ताई, रागावू नका पण गूळही साखरच आहे हो. थोडं लोह असतं त्यात, म्हणून वडी भरभरून द्यावी असं होत नाही. खजूर तर दाताला चिकटून बसतो. माझ्याकडे दोन-अडीच वर्षांची मुलं पुढचे चारही दात किडलेली येतात आणि आई सांगते की आम्ही चॉकलेट देतच नाही. मग हळूहळू कळतं की दुधाची बाटली झोपेत, आणि जागेपणी दर वीस मिनिटांनी काहीतरी. काय खाल्लं इतकंच महत्त्व किती वेळा खाल्लं ह्यालाही आहे. प्रत्येक वेळी खाल्लं की तोंडात आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निपटायला अर्धा तास तरी लागतो, आणि सारखं चरणाऱ्या मुलाच्या लाळेला तेवढी सवडच मिळत नाही. म्हणून दोन-अडीच तासांनी छोटी ताटली, मधे फक्त पाणी. गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर द्या, मधेच वेगळं नको. दात आले की दोन वेळा ब्रश, फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी.

रानजाई :
दोन-अडीच तास ठीक आहे डॉक्टर, पण मधल्या वेळात जो थयथयाट होतो तो कोण बघणार 😀

बाबालोक :
मी बघतो आमच्याकडे, बायकोचं ऑफिस बाहेर आणि माझं घरून. पहिला आठवडा वाईट जातो. मी एक केलं, डबे सगळे वरच्या कपाटात आणि खालच्या खणात फक्त त्याचा पाण्याचा पेला. खाऊ दिसला की मागतो, दिसला नाही की निम्म्या वेळा विसरतो. खरी भूक असेल तर पोळीचा तुकडाही खातो, त्यावरून ओळखायचं. पोळी नको पण 'ते' हवं असं असलं की समजायचं कंटाळा आलाय, खाली पार्किंगमध्ये घेऊन जायचं.

आणि दूध मोजा लोकहो. आमचा दिवसाला लिटरभर दूध प्यायचा, आम्हाला वाटायचं चला निदान दूध तरी पोटात जातंय. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. डॉक्टरांनी सांगितलं अर्ध्या लिटरच्या वर नको, दुधात लोह जवळपास नसतंच आणि पोट भरून ठेवतं ते वेगळंच. बाटली बंद करून पेल्यात द्यायला लागलो तर आपोआप कमी झालं. मग भूक लागायला लागली.

पाळणाघर ते घर :
लोहाचा विषय निघालाय तर एक सांगते, आपल्याकडे लहान मुलांना चहात बुडवून बिस्कीट किंवा चहा-पोळी देतात ना, ते पहिलं बंद करा. चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची 67 टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली होती, म्हणजे हे गरीब-श्रीमंत असं काही राहिलेलं नाही. डाळी, अंडं, अळीव, हिरव्या पालेभाज्या आणि त्यावर लिंबू पिळायचं, लिंबाने लोह चांगलं शोषलं जातं.

आता माझा हुकमी एक्का. आप्पे. मी सकाळी साडेसातला घर सोडते, त्यामुळे जे काही करायचं ते आदल्या रात्री अर्धं झालेलं हवं. एक वाटी सालाची मूगडाळ, पाव वाटी तांदूळ, संध्याकाळी घरी आल्या आल्या भिजत टाकायचे, झोपायच्या आधी आल्याचा एवढासा तुकडा घालून वाटायचं, पाणी अगदी कमी, पीठ चमच्यातून धपकन पडलं पाहिजे, ओघळायला नको. वाटलेलं फ्रीजमध्ये. सकाळी त्यात किसलेला दुधी (पिळून घ्यायचा नाहीतर पीठ सैल होतं) किंवा गाजर किंवा पालक बारीक चिरून, जिरं, चिमूटभर हिंग. सोडा नाही, इनो नाही. आप्पेपात्र चांगलं तापलं की प्रत्येक खळग्यात दोन थेंब तेल, अर्धाच खळगा भरायचा, पूर्ण भरलं तर गोळा मोठा होतो आणि मधे कच्चा राहतो. झाकण, मंद आच, कडा सुटायला लागल्या की सुरीच्या टोकाने उलटायचे. अर्धा खळगा भरला की चपटी टिकली होते, बाळाच्या मुठीत बसते, एका हातात एक घेऊन पळता येतं. मीठ मी पीठ वेगळं काढून तिच्यासाठी नावापुरतं घालते, उरलेल्यात आमच्यासाठी मिरची नि मीठ. डब्यात सहा देते, रिकामा डबा येतो. ते तिने खाल्ले की पाळणाघरातल्या मावशींनी हे मात्र मी विचारत नाही.

नाचणीवाली :
+1 आप्पे. आमचे नाचणीचे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, पण नाचणी मोड आणून घ्या, तशीच दळली तर त्यातलं बरंचसं अंगी लागत नाही. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधायची, मोड आले की सावलीत खडखडीत वाळवून मंद भाजून दळायची. त्या पिठाची ताकातली उकड पण छान होते, थंड झाली की थापून वड्या पाडायच्या.

एडिसनकर :
न्यू जर्सीहून. इथे डेकेअरमध्ये शेंगदाणे, काजू काहीच चालत नाही, दुसऱ्या मुलांना ऍलर्जी असते म्हणून. म्हणजे आपला दाण्याच्या कुटाचा सगळा संसार बाद. काकडीची कोशिंबीर, साबुदाणा, सगळं. घरी मात्र मी कूट लवकरच सुरू केलं होतं डॉक्टरांना विचारून. 2015 मध्ये लंडनच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की ज्या बाळांना ऍलर्जीचा धोका जास्त आहे त्यांनाही लवकर शेंगदाणा दिला तर पुढे ऍलर्जी होण्याचं प्रमाण खूपच घटतं, त्यानंतर इथले सल्ले उलटे फिरले. कूट किंवा पातळ केलेली पेस्ट हं, अख्खे दाणे नाहीत.

डब्यात पाठवते ते : हिरव्या मटारची उसळ नुसती वाफवून (दाणे बोटाने चेपून), पनीरच्या लांब कांड्या, पिकलेल्या अवाकाडोवर जिरेपूड, बेसनाच्या धिरड्याची गुंडाळी करून चकत्या. द्राक्षं उभी चार भागात कापून नेली नाहीत तर शिक्षिका परत पाठवते. सुरुवातीला मला ते फाजील वाटायचं.

इथल्या एक आहारतज्ज्ञ आहेत, एलिन सॅटर, त्यांचं सूत्र मी पाळते : काय, कधी आणि कुठे हे आईबापांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना हे पटलं नाही. "त्याला काय कळतंय किती ते" म्हणून मागे वाटी घेऊन फिरायच्या. त्या परत गेल्यावर गाडी रुळावर आली, पण खरं सांगायचं तर त्यांच्या हातची पानगी तो जितकी खायचा तितकं माझ्या हातचं काहीच खात नाही.

मांडवीकाठ :
गोव्यात आमच्या घरी हा प्रश्न पेजेने सुटतो. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज, मोठ्यांना सोबत खारातली कैरी, बाळाला नुसती तूप घालून. नाश्ता आणि जेवणाच्या मधली भूक तिथेच भागते मग बिस्किटाची आठवणच येत नाही. पावसाळ्यात काकडी निघाली की तवसळी, पण त्यात गूळ असतो तेव्हा वरच्या डॉक्टरांना विचारून 😄

लिंबूटिंबू :
द्राक्षांवरून आठवलं. बोरन्हाण! आपण कुरमुऱ्यांबरोबर बोरं, हरभरे, उसाचे करवे, रेवड्या, गोळ्या सगळं डोक्यावर ओततो आणि दीड-दोन वर्षांची पाच-सहा पोरं एकदम खाली वेचायला बसतात. अख्खं बोर, हरभरा, गोळी, सगळं घशात अडकण्याच्या मापाचं. आमच्याकडे यंदा फक्त कुरमुरे, चुरमुऱ्यांचा हलका चिवडा आणि पाकळ्या. बोरं ताटात शोभेला. काही काकूंनी नाकं मुरडली, चालायचंच. फुटाणे, शेंगदाणे, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे जाड तुकडे चार-पाच वर्षांपर्यंत नकोच, आणि काहीही असलं तरी पळता पळता नको, बसूनच.

माजघर :
अगं म्हणजे माझं 'हिंडू द्या' बाद की! बरं, रताळं पाटावर बसून.

पाळणाघर ते घर :
आणि माझं 'घेऊन पळता येतं' पण. पाळणाघरात बसवतात, घरी आता मलाच शिस्त लावायला हवी.

रानजाई :
वाचतेय सगळं. आज आप्पे करायचे ठरलेत. दुधाची बाटली मोजली तर आमच्याकडेही पाऊण लिटरच्या घरात जातंय, त्यामुळे तिथूनच सुरुवात. एक विचारायचं होतं, आप्पेपात्र बिडाचं घेऊ की नॉनस्टिक?

पाळणाघर ते घर :
बिडाचं. आणल्यावर तेल लावून दोन-तीनदा चांगलं तापव, तरी पहिले दोन घाणे चिकटणारच. ते आपण उभ्या उभ्या चटणीशी खायचे.