मदत हवी आहे : सासरे अंथरुणावर आहेत, नळीतून पेज आणि रात्रीची कूस

कलमाची_फांदी

नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. माझे सासरे, नाना, वय ७६. पावसाळ्याच्या तोंडावर अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं, पण माणसं ओळखतात. नाकातून पोटात जाणारी जेवणाची नळी (राइल्स ट्यूब) आणि लघवीची नळी तशीच ठेवून घरी सोडलंय. सुटताना सिस्टरनी सगळं दाखवलं, पण एकीकडे बिल, दुसरीकडे गाडी, त्यात किती लक्षात राहणार?

घरात मी, नवरा आणि सासूबाई. कलमांना खत घालायचे दिवस, त्यामुळे दिवसा नवरा बागेत. रात्र आम्ही दोघं वाटून घेतो.

कालपासून माकडहाडापाशी रुपयाएवढा लालसर डाग दिसतोय. मोटरवाली हवेची गादी आणलीय, पण इथे वारा सुटला की लाईट जाते आणि कधी येईल ते महावितरणच जाणे. गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच का? शेजारचे काका म्हणतात, एवढी महाग गादी आणलीत ना, मग झोपू दे की माणसाला.

दुसरं पेजेचं. नाना जन्मभर सकाळी उकड्या तांदळाची पेज जेवलेत. नळीतून तीच गाळून देतो, तरी नळी तुंबते. आणि मधूनच ते म्हणतात, "माका पेज दी." सासूबाईंचा जीव तुटतो. चमचाभर तोंडात घातली तर काय बिघडतं, असं त्या विचारतात. मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायची भीती वाटते.

गोळ्या सगळ्याच कुटून द्यायच्या असतात का? उचलताना कंबर जाऊ नये म्हणून काय करता? ज्यांनी घरी केलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी सांगा.

वालावलचा_बाब्या

आमच्या आजीला खोबरेल तेल आणि हळद लावून डागावर रोज चोळायचो. आणि खाली हवा भरलेली रबरी रिंग. करून बघा.

निवृत्त_स्टाफनर्स

बाब्या, रागावू नकोस, पण दोन्ही करू नयेत. लाल झालेल्या जागी आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच चेपलेल्या असतात. चोळल्याने आतलं मांस अजून दुखावतं. रिंगने मधला भाग मोकळा दिसतो, पण कडेच्या गोल पट्ट्यावर दाब वाढून रक्त अडतं. एके काळी वॉर्डातही या रिंगा सर्रास वापरात होत्या.

ताई, आधी डाग बघा. बोटाने हलकं दाबून सोडा. जागा पांढरी पडून परत लाल झाली, तर कातडीला दाब सहन होत नाही एवढाच इशारा. दाब काढला की बहुतेक वेळा उतरतो. दाबूनही लालच राहिली, तर ती बेडसोरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबाने होणाऱ्या जखमेची पहिली पायरी, कातडी फुटलेली नसली तरी. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, म्हणून हाताची मागची बाजू लावून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागते का तेही बघा. फोड, जांभळट रंग किंवा सोललेलं दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काही घरी ओतू नका.

आता गादी. गादीने दाब विभागला जातो, नाहीसा होत नाही. कूस बदलावीच लागते. दिवसा दर दोन तासांनी. रात्री, डाग उतरला आणि गादी चांगली चालली, तर डॉक्टरांना विचारून अंतर थोडं वाढवता येतं. पण ते कातडी बघून ठरवायचं, घड्याळाच्या किंवा काकांच्या भरवशावर नाही. डाग आहे तोवर पाठीवर कमीत कमी ठेवा.

पूर्ण कुशीवर आडवं करू नका, खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवा. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक अशी ठेवा की टाचा अधांतरी राहतील. टाचांकडे सगळे शेवटी बघतात आणि तिथली जखम भरायला फार वेळ घेते. उजव्या, म्हणजे गेलेल्या बाजूवर झोपवलं तर चालतं, वेळ थोडा कमी ठेवा, आणि त्या हाताला धरून ओढू नका. लुळ्या हाताचा खांदा सहज निखळतो.

गादीवर एकच पातळ चादर. गोधडी, मेणकापड, परत चादर असे थर घातले की गादी घेतलेली न घेतलेली सारखीच. लाईट गेली की गादी हळूहळू बसते. म्हणून खाली जाड फोम असू द्या आणि माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीखालून तळहात सरकवून बघा. अंगाचा भार थेट हाताला लागला तर हवा पुरेशी नाही. मोटरला वीज अगदी थोडी लागते. इन्व्हर्टर असेल तर टीव्ही काढून आधी ती जोडा.

पेजेबद्दल संध्याकाळी लिहिते, तो विषय मोठा आहे.

मेडिकलवाला_कणकवली

तोवर गोळ्यांचं सांगतो. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असं असेल तर कुटायची नाही. तो डोस बारा-चोवीस तासांत हळूहळू सुटण्यासाठी बनवलेला असतो, कुटला की एकदम अंगात जातो. आवरण असलेली अॅस्पिरिन आणि पित्तावरच्या पॅन्टोप्राझोलच्या गोळ्याही कुटायच्या नाहीत. झटक्यानंतर या दोन्ही बऱ्याच जणांना असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. मनाने बंद मात्र करू नका. चिठ्ठी घेऊन दुकानात या, पातळ औषध किंवा विरघळणारी गोळी मिळते का ते बघून डॉक्टरांना फोन करता येतो.

बाकीच्या गोळ्या एकेक वेगळी, बारीक पूड करून, पाण्यात. दोन औषधांच्या मध्ये थोडं पाणी. पेजेत कालवू नका. अर्धी पेज राहिली तर अर्धा डोस गेला, आणि नळी तुंबण्याचं निम्मं कारण तेच असतं. फिटचं औषध चालू असेल तर ते आणि फीड (नळीतून दिलेलं जेवण) यांत किती अंतर ठेवायचं ते नक्की विचारा.

निवृत्त_स्टाफनर्स

बसले आता.

ताई, तोंडाने पेज नाही. चमचाभरसुद्धा नाही, आणि पाणीही नाही, जोवर गिळण्याची तपासणी होत नाही. अर्धांगात घशाचे स्नायूही दुबळे होतात. घास श्वासनळीत उतरतो आणि पुष्कळदा ठसकाही लागत नाही. घरच्यांना वाटतं, छान गिळलं. तिसऱ्या दिवशी ताप, धाप, छातीत घरघर. उलट पेज पातळ, म्हणजे सांभाळायला सगळ्यात अवघड. पातळ पदार्थ घशात आवरायच्या आत घसरतो.

पण ट्यूब कायमची नाही हेही सासूबाईंना सांगा. अनेकांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जिथे झटक्याचे उपचार झाले तिथे स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून मिळेल का, ते पुढच्या भेटीत विचारा. मागितल्याशिवाय कोणी काढत नाही हा विषय.

तोवर सासूबाईंना एक काम द्या, ते खरंच महत्त्वाचं आहे. नानांचं तोंड. नळीतून जेवतात म्हणून दात घासायचे नाहीत असं घरोघरी होतं, आणि तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात जातात. सकाळ-रात्र मऊ ब्रश, डोकं वर आणि मान बाजूला, पाण्याचा घोट न देता. मधल्या वेळी घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने जीभ, गाल, हिरड्या. ओठांना मलम. चवीची आस तेवढ्यावर भागत नाही हे मलाही कळतं.

नळीतून देताना. नाकपुडीपाशी नळीवर जो आकडा दिसतो तो डिस्चार्ज कार्डावर लिहून ठेवा, आणि दर वेळी आधी तो बघा. बाहेर सरकलेला दिसला तर देऊ नका. मग सिरिंजने हळू ओढून पोटातलं थोडं पाणी काढा आणि पीएच पट्टीला, म्हणजे आंबटपणा मोजणाऱ्या कागदी पट्टीला लावा. ५.५ किंवा कमी आलं तर नळी पोटात आहे असं धरतात. पॅन्टोप्राझोलसारखं औषध चालू असेल तर आकडा वर येऊ शकतो, म्हणून तुमची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. काही निघालंच नाही तर डाव्या कुशीवर वळवून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघा. हवा मारून पोटावर कान लावणं किंवा नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं यावर विसंबू नका. नळी फुप्फुसात असतानाही आवाज येतो.

डोकं ३० ते ४५ अंश वर. सिरिंजचा दट्ट्या काढा, पेज आपल्या वजनाने उतरू द्या, ढकलू नका. एका वेळी २०० ते २५० मिलि, पंधरा-वीस मिनिटांत. आधी आणि नंतर ३० मिलि उकळून गार केलेलं पाणी. तुमची नळी तुंबते ती बहुधा शेवटचं पाणी कमी पडल्याने, किंवा उकड्या तांदळाची पेज थंड झाली की दाट होते म्हणून. कोमट असतानाच मलमलच्या फडक्यातून गाळा. तुंबलीच तर कोमट पाणी सिरिंजने हळू आत-बाहेर. तार घालायची नाही, जोर लावायचा नाही. मध्येच खोकला, धाप, ओठ निळसर दिसले तर तिथेच थांबवा, आणि श्वास सुधारला नाही तर १०८ ला फोन. नळी निघाली तर घरी कोणी परत घालू नये.

आणि नुसत्या पेजेवर जखम भरत नाही. प्रथिनं लागतात. मूगडाळीचं पाणी नव्हे, शिजवून वाटलेली डाळ, दूध चालत असेल तर दूध, गाळलेलं. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर आहारतज्ज्ञांना विचारूनच.

आता खरी मेख. नळीसाठी डोकं वर हवं आणि माकडहाडासाठी ते खाली हवं. डोकं वर केलं की माणूस घसरतो, कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे सरकतं, आणि आतल्या आत मांस फाटतं. म्हणून आधी गुडघ्यांखाली उशी द्या, मग डोकं उचला. फीडनंतर अर्धा ते एक तास तसंच ठेवा, मग ३० अंशांवर आणून कूस बदला. फीड आणि कूस यांचं एकच वेळापत्रक करा, म्हणजे नुकत्याच भरलेल्या पोटावर वळवायची वेळ येणार नाही.

मिठमुंबरीचो_झील

उचलण्याचं मी सांगतो, माझ्या बाबांचं तसंच होतं. आईचं जुनं नऊवारी लुगडं चौघडी करून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत खाली घातलेलं असायचं. दोघांनी दोन बाजूंनी, माणसाच्या अगदी जवळून धरायचं, गुडघे वाकवायचे, कंबर नाही, आणि एक-दोन-तीन म्हणून जरासं उचलून सरकवायचं. फरफटवायचं नाही. लुगड्याची घडी खाली गोळा झाली तर तीच रुतते, म्हणून दर वेळी ताणून घ्या. खाट उंच करायला जांभ्याचे चिरे लावले होते, ते एका रात्री हलले. सुताराकडून खोबण असलेले लाकडी ठोकळे करून घ्या.

कलमाची_फांदी

सगळ्यांचे मनापासून आभार. डाग दाबून बघितला, पांढरा पडतो. सासूबाईंनी तोंडाचं काम लगेच अंगावर घेतलं, आणि पेजेचा विषय तपासणी होईपर्यंत बंद. फक्त एक राहिलं. कूस बदलताना लघवीची पिशवी कुठल्या बाजूला टाकायची?

निवृत्त_स्टाफनर्स

ज्या कुशीवर वळवाल त्याच बाजूला, खाटेच्या दांडीला. कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. अंगावरून पलीकडे नेताना उंच उचलू नका, नळीतली लघवी परत मूत्राशयात जाते. आधी रिकामी करा, मग न्या. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायचीच. नळी आणि पिशवीचा जोड उघडू नका. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा म्हणजे ताण येत नाही. आधी आणि नंतर हात साबणाने ४० ते ६० सेकंद. थंडी वाजून ताप, गढूळ किंवा लाल लघवी, किंवा चार-सहा तासांत पिशवीत काहीच नाही, तर नळीला पीळ पडलाय का बघा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. आणि ही नळी अजून लागते का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.