टिश्यू कल्चर खजूर: एका फुलातून तीन-तीन फळं, झाडं काढू की ठेवू?

मातीचाबोरू:
बारही जातीच्या खजुराची टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली) रोपं लावली होती, यंदा पहिल्यांदा फुलोरा आला. काही झाडांवर एका फुलातून तीन बारकी फळं चिकटून वाढतायत. कापून पाहिलं तर आत बी नाही. शिवाय दोन झाडं बाकीच्यांच्या निम्मीच, पानं आखूड, पर्णिका रुंद आणि जाड. नर्सरीवाले म्हणतात खत कमी पडलं. काय करू?

रानपाखरू:
लगेच कुऱ्हाड नको. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खजुराच्या मादी फुलात मुळात तीन स्त्रीकेसर असतात. पराग लागला की एकाचंच फळ होतं, दोन गळतात. पराग लागलाच नाही तर तिन्ही वाढतात, बिनबियांची. म्हणजे नुसतं परागीकरण हुकलं तरी हेच दिसतं. पोय (फुलोऱ्याचं आवरण) फुटल्यावर नराचा पराग कधी टाकला?

मातीचाबोरू:
दोन-तीन दिवसांत. शेजारी फुटव्यापासून वाढवलेली बारही आहे, तिलाही त्याच दिवशी त्याच नराचा पराग दिला. तिथं फळ नीट धरलंय.

रानपाखरू:
अरेरे. मग संशय रोपांवरच. बारही यासाठी बदनामच आहे. तरी पुढच्या बहरात एकाच झाडाच्या काही घडांना दुसऱ्या नराचा ताजा पराग दोनदा द्या आणि पिशवी बांधा. तरीही तीन-तीन फळंच आली तर दोष झाडाचा. पण तेव्हाही काढू नका. अशा बारहीत वयाबरोबर फळधारणा सुधारल्याची उदाहरणं आहेत. झाडांना खुणा करून दरवर्षी बी असलेली फळं मोजा.

सावलीतला_माळी:
बुटक्यांचं मात्र वेगळं. आधी कोवळी पानं बघा. ती चुरगळलेली, टोकाला आकड्यासारखी वळलेली असतील तर बोरॉन कमी असू शकतं, त्यावर उपाय आहे. पानं निरोगी, नुसतीच आखूड-रुंद असतील तर खताने काही होत नाही. मी ती ठेवत नाही, आणि त्यांचे फुटवे तर अजिबात लावत नाही.

मातीचाबोरू:
पानं सरळच आहेत. नर्सरीला आता विचारायचं काय?

सावलीतला_माळी:
रोपं कॅलसमधून (पेशींच्या नुसत्या गोळ्यातून) भ्रूण बनवून केली की थेट कोंबांपासून? किती वेळा उपसंवर्धन केलं, म्हणजे नव्या माध्यमात हलवून पुन्हा वाढवलं? कॅलससाठी बहुधा २,४-डी हे कृत्रिम वाढ-संप्रेरक वापरतात. त्याचा डोस जास्त आणि संवर्धन लांबलेलं, तर बिघाडाची शक्यता वाढते. बुटकं किंवा चट्ट्यापट्ट्याचं रोप नर्सरीत निवडून काढता येतं, त्यामुळे ती दोन बदलून मागाच. फुलातला दोष बहर येईपर्यंत डोळ्याला दिसत नाही, त्यावर ते हात वर करतील. तरी फोटो आणि बिल जपून ठेवा.