याईराच्या मुलीचा धडा मी आता कसा शिकवू?

तेलवात
प्रभूमध्ये सलाम. मी चौदा वर्षं संडेस्कूलला शिकवते. आठ महिन्यांपूर्वी आई गेली, कॅन्सरने. दोन वर्षं आम्ही उपास केले, प्रार्थना केल्या, मंडळीच्या वडीलजनांनी तेल लावूनही प्रार्थना केली. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "कुठेतरी विश्वास कमी पडला गं." ते वाक्य तेव्हापासून छातीत रुतून बसलंय. चर्चमध्ये गीत सुरू झालं की ओठ हलतात, आवाज फुटत नाही.

गेल्या रविवारी याईराच्या मुलीचा धडा होता, येशू त्या मेलेल्या मुलीला उठवतो तो. "मुली, ऊठ" इथपर्यंत कसंबसं रेटलं. तेवढ्यात वर्गातली आठ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "टीचर, तुमच्या आईसाठी पण आपण सगळ्यांनी प्रार्थना केली होती ना?" मला उत्तर देता आलं नाही. चित्रं गोळा केली आणि मुलांना गाणं म्हणायला लावलं. माझाच भरवसा डळमळलाय, मग लेकरांना शिकवणं हे ढोंग नाही का? वर्ग सोडून द्यावासा वाटतो.

हाकारा
ताई, धीर सोडू नका. सैतान अशाच वेळी गाठतो. रोमकरांस ८:२८, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळं मिळून कल्याणकारक होतं, हे वचन रोज वाचा, तीन दिवस उपास करून पाहा. तुमच्यासाठी प्रार्थना करतोय.

तेलवात
आभार, भाऊ. उपास केले. ते वचन वाचलं की उलट रडूच येतं.

जुनी शिदोरी
पोरी, आधी त्या बाईंच्या वाक्याचं बघू. तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र उघड, ४:२०. प्रेषित पौल लिहितो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले तरी दुखणी जात, त्याचाच हा सोबती. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं पौल म्हणत नाही. स्वतःच्या शरीरातला काटा, म्हणजे सलणारा त्रास, जावा म्हणूनही त्याने तीनदा विनंती केली. काटा राहिलाच.

आता माझं सांगते. मी पाळकाची बायको. एकोणीस वर्षांचा मुलगा अपघातात गेला आणि पुढे जवळजवळ तीन वर्षं मला प्रार्थना करता आली नाही. दर रविवारी पहिल्या बाकावर बसायचे, कारण माझी जागा तीच. नवऱ्यालाही बोलले नव्हते. एकदा भांडी विसळताना मंडळीतल्या एका मैत्रिणीजवळ तोंडून निघून गेलं, "देव आहे असंच मला वाटत नाही." ती दचकली नाही. हात पुसले आणि म्हणाली, "बरं. तू बस, मी वाचते." मग दर बुधवारी दुपारी यायची, एक स्तोत्र वाचायची, निघून जायची. उपदेश एकदाही केला नाही. असं दीड वर्षाहून जास्त चाललं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र संपलं तेव्हा तीही गप्प झाली. ते अंधारातच संपतं, मूळ इब्रीत तर शेवटचा शब्दच अंधार. मी त्या दिवशी मोठ्याने रडले. माझ्यासारखं बोलणारं माणूस पवित्र शास्त्रात होतं, आणि त्याचं बोलणं कुणी पुसून टाकलं नव्हतं.

मार्क २ मधला पक्षाघाती आठव. चौघांनी त्याला आणलं, छप्पर उसकटून बाज खाली सोडली. येशूने 'त्यांचा विश्वास' पाहिला असं लिहिलंय. बाजेवरच्या माणसाच्या मनात काय होतं, ते वेगळं सांगितलेलंच नाही. त्या दिवसांत माझ्या बाजेचा एक कोपरा त्या मैत्रिणीने धरला होता. तूही कुणाला तरी धरू दे. महिना-दोन महिने वर्ग दुसऱ्या कुणाला दिलास तरी त्यात पाप नाही. पण ढोंग म्हणू नकोस. "माझा अविश्वास घालवून टाका" असं मार्क ९ मधल्या आजारी मुलाचा बाप येशूला तोंडावर म्हणाला, आणि येशूने त्याला परत पाठवलं नाही.

रात्रपाळी
मी नर्स आहे, म्हणून एवढंच विचारते: झोप लागते का? जेवण जातं का? "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवाच्या दूताने बोल लावला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खायला दिलं. देवाचा मंद आवाज त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल तर डॉक्टरांना दाखवाच. आईची दोन वर्षं सेवा केलीय तुम्ही, शरीरही थकलेलं असणार.

तेलवात
झोप नाहीच. परवाची डॉक्टरांची वेळ घेतली.

त्रफिमाचं नाव मी इतकी वर्षं वाचून पुढे जात होते. मावशी, तुमचं लिहिणं चारदा वाचलं, आणि मंडळीतल्या एका आजींना सगळं सांगितलं. त्या शुक्रवारी येणार आहेत.

आज वर्ग घेतला. त्या मुलीला जवळ बसवून म्हटलं, "हो, केली होती प्रार्थना. आई बरी झाली नाही. का, ते मला माहीत नाही, आणि मला देवाचा रागही येतो." ती थोडा वेळ बुटाच्या पट्ट्याशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "त्यालाच विचारूया?" डोळे मिटून तिनेच विचारलं. मी आमेन म्हटलं. आज तेवढंच जमलं.